शाळेचा दिवस मोडू नका

प्रिय काकू,

मी २७ वर्षांची. नाशिकला एका सीए फर्ममध्ये नोकरी करते. तीन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या मैत्रिणीच्या आग्रहाने तरुण नोकरदारांच्या एका सेवा क्लबची सभासद झाले. येत्या १ जुलैपासून वर्षभरासाठी अध्यक्षपद माझ्याकडे येतंय. पदग्रहणाची पत्रिका छापायला टाकायची आहे आणि माझा हातच उचलत नाहीये.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एका पाड्यावर फराळ आणि शालेय साहित्य वाटायला गेलो. जिल्हा परिषदेची आठवीपर्यंतची शाळा. मुलं ६२, आम्ही ३५, खर्च ५५ हजार. पाहुणे दीड तास उशिरा आले, तोवर मुलं पटांगणात ओळीने बसून होती. बॅनर वाऱ्याने सारखा सुटत होता. मी एका मुलीला कंपासपेटी दिली. ती तिने दप्तरात ठेवली तेव्हा आत तशाच दोन पेट्या दिसल्या, एकीचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. निघताना गुरुजींनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. पुढच्या खेपेला रविवारी या. शाळेचा दिवस मोडू नका."

कमिटीला यंदा हाच कार्यक्रम दुप्पट मोठा करायचाय, कारण प्रांतातल्या क्लबांना मिळणाऱ्या पुरस्कारासाठी लाभार्थींचा आकडा लागतो. आमचे सभासद ४०. सहलीला सगळे येतात, कामाला तेच ते आठ. आई म्हणते, "हौसेला समाजसेवा म्हणू नकोस." काकू, पद सोडून देऊ का?

— पत्रिका न छापलेली अध्यक्ष, नाशिक

---

अगं, पत्रिका छाप. फक्त प्रमुख पाहुण्यांची जागा तेवढी मोकळी ठेव, तिचं काय करायचं ते पुढे सांगते.

तुझ्या क्लबचं नाव मी मुद्दाम गाळलंय. रोटरीच्या चक्राचा असो, लायन्सच्या सिंहाचा असो, नाहीतर गल्लीतल्या मित्रमंडळाचा असो, तुझं पत्र जसंच्या तसं कुणाच्याही नावावर खपलं असतं. चाळीस वर्षांपूर्वी माझ्या नावावरसुद्धा.

आधी त्या गुरुजींबद्दल. देणाऱ्याला असं तोंडावर सांगणं जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला सोपं नसतं. शाळा व्यवस्थापन समिती म्हणणार, आलेलं कशाला परतवता? सरपंच म्हणणार, वरच्या ओळखीची माणसं आहेत. शिवाय उद्या खरंच पत्रे उडाले तर याच लोकांकडे जावं लागणार. एवढं सगळं मनात असताना त्यांनी ३५ जणांतून तुला बाजूला घेतलं. अध्यक्षाला नाही, पाहुण्यांना नाही, तुला. "येऊ नका" असंही ते म्हणाले नाहीत, "रविवारी या" म्हणाले. त्या माणसाला तुम्ही हवे आहात, तुमचा कार्यक्रम नकोय. तू पद सोडलंस तर हे वाक्य तुझ्याबरोबरच क्लबमधून जाईल, कारण ते फक्त तुझ्याकडे आहे.

दोन जुन्या पेट्यांचं मला नवल वाटलं नाही. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या बाजूला दिवाळीत जी वाहनं जातात, ती डांबरी रस्ता संपतो तिथे थांबतात. माणसं वाईट नसतात. दिवस लहान असतो, सामान जड असतं, आणि संध्याकाळच्या आत परतायचं असतं. त्यामुळे रस्त्यालगतच्या पाड्याला तीन-तीनदा चिवडा मिळतो आणि ओहोळापलीकडच्या पाड्यावरची पोरं तो लांबून बघतात. हा डांबरी रस्त्याचा फराळ मी डोळ्यांनी पाहिलाय.

आणि केलाही आहे. १९८०च्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी बँकेत होते, तिथल्या क्लबमध्ये खजिनदार. आम्ही अकरा विधवा बायकांना शिलाई मशीन दिल्या. मोठा मांडव, नारळ, हार, सगळं झालं. दीड वर्षाने दुसऱ्याच कामासाठी त्यातल्या एकीच्या घरी गेले तर मशीनवर चादर पसरलेली आणि तिच्यावर गणपती बसवलेला. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "मशीन चांगली आहे हो ताई. पण शिवायला आणतंय कोण?" गावात दोन शिंपी होते. तयार कपड्यांचं दुकान नुकतंच आलं होतं. सुई मोडली तर ती मिळायला बारा मैलांवर जावं लागायचं. यातलं एकही आम्ही विचारलं नव्हतं. मशीनची संख्या मात्र अहवालात ठळक अक्षरांत होती. तो अहवाल मीच टाइप केला होता.

तेव्हापासून मी एक शिकले. लोकांना "तुम्हाला काय हवं?" असं विचारायचंच नाही. हा प्रश्न ऐकला की माणूस आपली गरज सांगत नाही, समोरचा काय देऊ शकेल याचा अंदाज बांधतो आणि तेच मागतो. क्लबवाले वह्या देतात हे ठाऊक आहे, म्हणून वह्या. गुरुजींना तू असं विचार: गेल्या महिन्यात कुठल्या कामात तुमचा सगळ्यात जास्त वेळ गेला? कुठलं पोर मध्येच शाळा सोडेल असं वाटतं? आठवीनंतर मुलं कुठे जातात? आणि मग गप्प बस. सीए लोकांना गप्प बसणं जमत नाही असा माझा अनुभव आहे, तरी प्रयत्न कर.

उत्तरं काय येतील हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण माझा अंदाज असा की त्यात कागद फार असतील. आधारवर नाव एक आणि दाखल्यावर दुसरं. बँकेत खातं आहे पण आधारशी जोडलेलं नाही. उत्पन्नाचा दाखला काढायला बाप सेतूत दोन खेपा घालून आला आणि मजुरी बुडाली म्हणून तिसरी घातलीच नाही. आता मला सांग, तुमच्या चाळीस जणांत सीए किती, बँकेतले किती, आयटीवाले किती? दिवसभर दुसऱ्यांचे फॉर्म भरून पोट भरणारी माणसं तुम्ही, आणि पाड्यावर जाऊन वाटता काय, तर चकली! चकली त्यांच्या आया तुमच्यापेक्षा बऱ्या करत असतील.

तू आठवीपर्यंतची शाळा लिहिलंस म्हणून एक काम सुचवते. एनएमएमएस म्हणून शिष्यवृत्ती आहे, आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी केंद्र सरकारची. आठवीत परीक्षा होते, आपल्याकडे ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. निवड झाली की नववी ते बारावी दर वर्षी १२ हजार रुपये थेट मुलाच्या खात्यात, म्हणजे चार वर्षांत ४८ हजार. पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं. सातवीत ५५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना ५० टक्के. शासकीय, जिल्हा परिषद-पालिकेच्या आणि अनुदानित शाळांतली मुलं बसू शकतात. सरकारी वसतिगृहात राहून-जेवून शिकणारी मुलं मात्र बसू शकत नाहीत, म्हणून आश्रमशाळेत हा बेत घेऊन जाऊ नकोस. राज्याला ११ हजार ६८२ शिष्यवृत्त्यांचा कोटा आहे, तो जिल्हावार आणि प्रवर्गवार वाटला जातो.

पेपर दोन. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटं. पहिल्या पेपरात संख्यामालिका, सांकेतिक भाषा, आकृत्यांतला विसंगत घटक ओळखा, असलं सगळं. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी हेच घोकलेलं असणार. पाड्यावरच्या मुलाला ते येत नाही असं नाही, मिनिटाला एक प्रश्न या वेगाने पर्यायाचं वर्तुळ रंगवायची त्याला सवय नसते. घरी कोकणा नाहीतर महादेव कोळ्यांची बोली बोलणाऱ्या पोराला प्रश्नाचं पुस्तकी मराठी उलगडायलाच अर्धं मिनिट लागतं. सवय लागते ती सरावाने आणि सरावाला माणूस लागतो. तीन शिक्षक आणि आठ वर्ग अशा शाळेत तो कुठून येणार?

आता तुझे आठ जण. दोघा-दोघांच्या चार जोड्या कर. महिन्याला चार शनिवार, म्हणजे प्रत्येक जोडीला महिन्यातून एक शनिवार. शनिवारी शाळा सकाळची असते, ती सुटली की दीड तास शिकवा. गुरुजींना विचारून हं, रविवार म्हणाले तर रविवार. जुलै ते डिसेंबर धरले, पावसाने घाट बंद झाला ते दिवस वजा केले, तरी अठरा-वीस बैठका होतात. तुझी स्वतःची जुलै ते ऑक्टोबर रिटर्न आणि ऑडिटची धांदल असणार. तेव्हा पहिल्या चार महिन्यांत तू शिकवायचं नाहीस. तू फोन करायचे, जोड्या हलवायच्या, दाखल्यांची यादी ठेवायची. अध्यक्षाने पुढे उभं राहावं असं घटनेत कुठे लिहिलेलं नाही.

परीक्षेच्या दिवशी तालुक्याच्या केंद्रावर मुलांना नेण्या-आणण्यासाठी जीप लागेल आणि पोटाला काहीतरी लागेल. तिथे खुशाल फराळ न्या. त्या दिवशी त्याचा उपयोग आहे.

आता मुख्य अडचण. त्या शाळेत आठवीत मुलं असतील सहा-सात. म्हणजे तुझ्या अहवालात लाभार्थींच्या रकान्यात ७ हा आकडा येईल, आणि समोरचा क्लब ७०० लिहील. कमिटी तुला इथेच अडवणार. मी तुझ्या जागी असते तर पुरस्कारावर तात्त्विक भाषण केलं नसतं. हिशेब मांडला असता. गेल्या वर्षी ५५ हजार गेले, त्यातलं आज पाड्यावर काय शिल्लक आहे? तीन कंपासपेट्या. या सातांतल्या दोघांना शिष्यवृत्ती मिळाली तरी चार वर्षांत ९६ हजार त्या दोन घरांत जातात, आणि ते तुमचे नव्हेत, सरकारचे, हक्काचे. एकालाही मिळाली नाही तर? तसंही होईल, स्पर्धा आहे. तेव्हा सातवीची मुलं खिडकीतून ऐकत होती की नाही ते बघ आणि पुढच्या जुलैत त्यांना घेऊन बस.

पण पुढच्या जुलैत अध्यक्ष तू नसशील. खरा घोटाळा मला इथे दिसतो, बॅनरमध्ये नाही. १ जुलै ते ३० जून एवढंच आयुष्य असलेल्या पदाला तीन वर्षांचं काम सुचतच नाही. त्याला एका दिवसाचं काम सुचतं, कारण ते आपल्याच कारकिर्दीत संपतं, आपल्याच नावावर लागतं. म्हणून आपल्याकडे दर जुलैत वृक्षारोपण होतं आणि खड्डे बहुतेक गेल्या वर्षीचेच असतात. तू एवढंच कर, की तुझ्यानंतर येणारा अध्यक्ष आत्ताच हुडक आणि त्याला पहिल्या जोडीत घाल. शिष्यवृत्तीचं दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. ते राहिलं तर मिळालेली शिष्यवृत्तीही थांबते. म्हणजे पहिल्या तुकडीतलं एक पोर जरी निवडलं गेलं, तरी पुढचे चार अध्यक्ष त्याच्या फॉर्मला बांधले गेले. मला तर हे फार आवडतं.

तू स्वतःही ३० जूनला गडप व्हायचं कारण नाही. रोटरॅक्टसारख्या, म्हणजे रोटरीच्या तरुणांसाठीच्या क्लबांत पूर्वी तिशीला माणूस बाहेर पडायचा. १९६८ साली अमेरिकेत शार्लटला पहिला रोटरॅक्ट क्लब निघाला तेव्हापासून वयाला वरची मर्यादा असायचीच. २०२० पासून त्यांनी वयाची वरची अट काढून टाकली. तुमच्या क्लबची घटना काय म्हणते ते तू बघ, पण माजी अध्यक्षाने शनिवारी शिकवायला जाऊ नये असं कुठलीच घटना म्हणत नसेल.

सहलीला चाळीस आणि कामाला आठ, याचं तू वाईट वाटून घेतलंस. मला आठ हा आकडा चांगला वाटतो. बाकीचे बत्तीस सोबतीसाठी येतात. नव्या शहरात नोकरीला आलेल्या पोरापोरींना रविवारी संध्याकाळी बोलायला माणूस हवं असतं, त्यात पाप काय आहे? १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने रोटरी काढली ती याच एकटेपणातून. लहान गावात वाढलेला माणूस, मोठ्या शहरात ओळखीपाळखी हव्या होत्या. सेवा नंतर आली. आणि त्यांनी पहिलं सार्वजनिक काम कुठलं हाती घेतलं ठाऊक आहे? १९०७ मध्ये शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून खटपट केली. मुतारी गं, साधी मुतारी. तिच्यासमोर हार घालून फोटो काढायला कोण उभं राहणार? शहराला हवी होती म्हणून मागितली, बस.

त्या बत्तीस जणांना पाड्यावर ओढू नकोस. त्यांच्याकडून रक्त घे. शब्दशः. आपल्याकडे रक्तदान शिबिरं येतात ती नेत्यांच्या वाढदिवसांना आणि जयंत्या-पुण्यतिथ्यांना, झुंडीने. तांबड्या पेशी टिकतात ३५ ते ४२ दिवस, प्लेटलेट्स जेमतेम पाच. मग एप्रिल-मे उजाडतो, कॉलेजं बंद, लोक गावाला, आणि रक्तपेढ्या फोन फिरवत बसतात. तुझ्या कमिटीला शिबिर घ्यायचंच असेल तर तारीख रक्तपेढीला विचारून ठरवा, पाहुण्यांना विचारून नको. सगळे एकाच दिवशी देऊन मोकळे होण्यापेक्षा दोन गट करा. पुरुषाला दोन रक्तदानांत तीन महिन्यांचं अंतर लागतं, बाईला चार. त्याची नोंद ठेवायला तुझ्यासारखी हिशेबनीस बरी. आणि बघ, इथे लाभार्थींचा आकडाही मिळतो. पुरस्कारवाले खूश.

एक गोष्ट तू विचारली नाहीस तरी बजावते. तुमच्या क्लबमध्ये कुणी बालगृहात जाऊन वाढदिवस करायची टूम काढली तर तिथल्या मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो कुठेही टाकू द्यायचे नाहीत. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे तो गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाड्यावरच्या शाळेला हे कलम थेट लागू होत नसेल. पण हात पसरून वही घेणाऱ्या पोराचा फोटो उद्या त्याच्याच वर्गातल्या मुलाने मोबाइलवर दाखवला तर त्याला कसं वाटेल, याला कलम लागत नाही.

तुझ्या आईचं वाक्य मी दोनदा वाचलं. तिला सांग, काकू म्हणाल्या तुम्ही निम्म्या बरोबर आहात. हौसेला समाजसेवा म्हणू नये, कबूल. पण हौस नसती तर आठवडाभर ऑफिसात मान मोडून काम केलेली पोरगी शनिवारी दुपारी पावसात मोटारसायकलवरून त्र्यंबकच्या पुढे कशाला गेली असती? कर्तव्य म्हणून जाणारी माणसं मी पाहिलीत, ती तिसऱ्या शनिवारी आजारी पडतात.

हां, पत्रिकेतली ती मोकळी जागा. तिथे गुरुजींचं नाव घालायचा मोह तुला होईल. घालू नकोस. त्यांना हार घालून व्यासपीठावर बसवलंस की पुढच्या वेळी ते तुला खरं सांगणार नाहीत. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घेत, कीर्तन रात्री. आपल्याकडे पाहुणा आधी बोलतो आणि खराट्याची वेळ होईतो निघून जातो. पदग्रहणाला पाहुणा हवाच असेल तर रक्तपेढीतल्या एखाद्या तंत्रज्ञाला बोलाव, दहा मिनिटं बोलायला सांग आणि त्याच वेळी मे महिन्याची तारीख पक्की करून टाक.

सध्या शाळेला सुट्टी आहे. जूनच्या मध्यावर शाळा उघडली की पहिला आठवडा गुरुजी पटनोंदणीत आणि पुस्तकवाटपात अडकलेले असतील, तो सोडून दे. दुसऱ्या आठवड्यात आधी फोन करून जा. एकटी नको, पुढच्या वर्षीच्या अध्यक्षाला मागे बसव. बॅनर नको, वह्या नकोत, मिठाईचा पुडासुद्धा नको. ते चहा टाकतील, "कशाला त्रास" असं म्हणू नकोस. कोरा असेल, गोड असेल, दोन कप पी.

— काकू